देवीला पाठ न दाखवणारी जीप

बाळांनो,

तुमच्यापैकी थोरल्याने गेल्या आठवड्यात एका जुन्या जीपचा फोटो पाठवला. बर्फात उभी, अंगावर गंज, पुढचा एक दिवा गायब. फोनवर तो म्हणाला, "आजी, हिचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही बदलणार आहे. ट्रान्सफर केस म्हणजे... जाऊ दे, तुला सांगून काय उपयोग." मी "बरं" म्हटले आणि जेवलास का ते विचारले. आज्यांकडून तेवढीच अपेक्षा असते.

पण मग दोन दिवस मला चैन पडेना. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून बसणारा दुसरा, लहान डबा. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना द्यायचा की चारही चाकांना, भरभर जायचे की हळू पण ताकदीने चढायचे, हे तो ठरवतो. हे मला तुम्ही बोलायला लागण्याआधीपासून ठाऊक आहे. इतकेच नव्हे, अशाच एका डब्याच्या बाबतीत मी लबाडी केलेली आहे आणि ती आजवर तुमच्या आजोबांनाही सांगितलेली नाही. ज्यांच्याशी केली आणि जिच्यासाठी केली, ती दोघेही आता नाहीत. तेव्हा थोरल्याने मागचा अ‍ॅक्सल उलटा बसवण्याआधी हे वाचावे, म्हणून लिहिते आहे.

एक्याऐंशी साली मी जाफराबादला शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. तुमचे आजोबा जालन्याला बँकेत होते. शनिवारी एसटीने येत, सोमवारी पहिल्या गाडीने परत जात. ज्यांच्या घरात मला दोन खोल्या मिळाल्या, त्यांना मी मालक म्हणत असे. गाव त्यांना रोलरवाले म्हणे. तीस वर्षे त्यांनी सरकारी रस्त्यांवर रोलर चालवला होता. भोकरदन ते जाफराबाद सगळे रस्ते आपणच दाबले, असे ते सांगत. एसटीत बसले की खिडकीतून खाली पाहत राहत. रस्ता चांगला असला की मान हलवत. खड्डा आला की शेजाऱ्याला सांगत, "हे आपलं काम न्हाई. मी तवा रजेवर गेल्तो."

त्यांच्या रजा हिशेबापेक्षा फारच जास्त निघाल्या असत्या.

त्यांची चाल रोलरचीच होती. घाई हा प्रकार त्यांच्या अंगात नव्हता. अंगणात पाणी मारले की चार पावले पुढे, चार पावले मागे जाऊन ते माती दाबत. माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाकरी वाढली की आधी ती हातावर घेऊन डोळ्यांच्या रेषेत धरत.

"डाव्या अंगानं एक फेरी कमी पडली," ते म्हणत.

"मंग उद्यापासून तुम्हीच बसा परातीत रोलर घेऊन," माई म्हणत.

त्यांची आणखी एक सवय मला सुरुवातीला चमत्कारिक वाटली होती. बोलणे संपत आले की ते वळत नसत. बोलत बोलत मागे मागे जात, उंबरा ओलांडत, दोन पायऱ्या उतरत आणि मग अंगणात दिसेनासे होत. एकदाही धडपडले नाहीत. मी एकदा विचारले तर म्हणाले, "बाई, रोलरवाल्याची निम्मी नोकरी मागं जाण्यातच जाते. पुढं गेलं तेवढंच मागं यायचं. मला तर दोन्हीकडं सारखंच दिसतं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता जीप. खात्याच्या साहेबांची एक जीप होती, पार जुनी, लढाईच्या काळातली. मालक उन्हात रोलरवर बसलेले असताना ती रोज धूळ उडवत शेजारून जाई. साहेब बदलले, ड्रायव्हर बदलले, जीप तीच राहिली. शेवटी ती कचेरीमागच्या लिंबाखाली टेकली आणि तिचा लिलाव निघाला, तेव्हा मालक निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. माईंना न विचारता ते गेले आणि बैलजोडी लावून जीप घरी ओढून आणली.

"हे काय आणलं?" माईंनी विचारले.

"तीस वर्षं हिची धूळ खाल्ली," मालक म्हणाले. "आता हिनं आमचं ऐकायचं."

आणि माईंचा चेहरा पाहून त्यांनी तिथल्या तिथे वचन देऊन टाकले: येत्या नवरात्रात सातव्या माळेला पिंपळगावच्या रेणुकाईला तुला ह्याच गाडीतून नेतो. माईंचे माहेर त्या बाजूचे. रेणुकाई त्यांची माहेरची देवी.

ते पहिले नवरात्र मी पाहिले. मालकांनी इंजिन चालू केले होते, जीपला आंब्याची पाने बांधली होती, माई नवी इरकल नेसल्या होत्या. वाटेत एक नाला लागतो आणि नाल्यातून बाहेर पडल्यावर खडा चढ. चढाच्या मध्यावर जीपने एक उसासा टाकला आणि ती मागे घरंगळत नाल्यात येऊन उभी राहिली. तीनच गिअर, आणि तिन्ही झिजलेले. तेवढ्यात मागून एसटी आली. तीत आमच्या गल्लीच्या निम्म्या बायका. समोरच्या मंदाकाकूंनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले.

"माई, येता का आमच्यासंगं? जागा हाय. का ढकलायला उतरू?"

सगळी बस हसली. माईंनी पदर सावरला आणि जीपमध्ये बसूनच उत्तर दिले, "देवीला मी येईन तर ह्याच गाडीनं येईन. कुणी हात न लावता. तवर न्हाई येत."

बस निघून गेली. बोललेला शब्द मात्र नाल्यात राहिला नाही, माईंबरोबर घरी आला. माई जिद्दी होत्या. देवीच्या वाटेवर बोलले म्हणजे देवीने ऐकले, असा त्यांचा समज. त्यानंतर त्या पिंपळगावला एसटीने गेल्या नाहीत, कोणाच्या बैलगाडीने गेल्या नाहीत, सख्ख्या भावाने शेअरिंगची जीप पाठवली तरी गेल्या नाहीत.

मालकांनीही मनावर घेतले. पण त्यांनी ते रोलरच्या चालीने घेतले. जीप विटांवर चढली. जुना तीन गिअरचा डबा निघाला, चार गिअरचा आणायचा ठरला. तो संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, भंगार बाजारात शोधायला दोन वर्षे गेली. आणला तर तो बोटभर लांब निघाला. बोटभर जागा करण्यात आणखी एक वर्ष गेले. मग जुनी ट्रान्सफर केस नव्या गिअरबॉक्सला लागेना. मालक ह्या दोन डब्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, जावा जावा असल्यासारखे.

"आज काय झालं?" मी शाळेतून येता येता विचारायची.

"थोरली बसली. धाकटी तोंड फिरवून राह्यली."

त्या डब्यांची दातेरी चक्रे रॉकेलमध्ये भिजत पडत, आणि तीही माईंच्या पितळी परातीत. माई जीपभोवती रोज सकाळी रांगोळी काढत. इतकी वर्षे एका जागी उभी असलेली वस्तू म्हणजे तुळशीसारखीच, असे म्हणत. दरवर्षी नवरात्र येई आणि दरवर्षी जीप विटांवर असे. "अजून थोडंच राह्यलंय," मालक म्हणत. मंदाकाकू दर सातव्या माळेला एसटीला निघताना आमच्या दारात थांबून विचारत, "काय रोलरवाले, देवीला काय निरोप सांगू?"

"सांगा, थोडंच राह्यलंय."

"ती म्हणाली, मागच्या वर्षी बी हेच सांगितलं होतं."

माझा या सगळ्यात प्रवेश झाला तो पुस्तकामुळे. जीपबरोबर मालकांना तिचे इंग्रजी माहितीपुस्तक मिळाले होते, कडा उंदरांनी खाल्लेले. मालकांचा कुठल्याही मिस्त्रीवर विश्वास नव्हता, पण इंग्रजीत छापलेल्या अक्षरावर पुरेपूर होता. पुढे ट्रान्सफर केस मिळाली तिच्याबरोबरही एक इंग्रजी चोपडे आले. ते त्यांनी त्याच पुस्तकात शिवून टाकले. दर रविवारी दुपारी चहा झाला की ते कानावरची लाल पेन्सिल काढून माझ्या खोलीत येत. मी एक एक वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे आणि शेजारी चिकटवलेल्या कोऱ्या कागदावर लिहायचे. मग ते इंग्रजी वाक्याला आकडा घालत आणि माझ्या मराठी वाक्याला तोच आकडा घालत. इंग्रजी त्यांना येत नव्हते, पण पूर्णविराम ओळखता येत होता.

"आकडे कशाला?" मी पहिल्यांदा विचारले.

"एक फेरी इकडून, एक फेरी तिकडून. दोन्हीकडं बराबर झाली पायजे. न्हाईतर एका बाजूनं रस्ता कच्चा राहतो."

मला हे मनापासून आवडले. इतका शिस्तीचा विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाला नाही.

आठवे नवरात्र पंधरा-वीस दिवसांवर आले होते तेव्हा माई एका दुपारी माझ्याकडे आल्या. मालक भंगार बाजारात गेले होते. माईंनी तांदूळ निवडायला घेतले, पण त्या खडे डोळ्यांनी न शोधता बोटांनी शोधत होत्या. ते माझ्या लक्षात आले, आणि माझ्या लक्षात आले हे त्यांच्या लक्षात आले.

"धुकं येऊन राह्यलंय बाई, डोळ्यांत," त्या म्हणाल्या. "जालन्याच्या डॉक्टरला दाखवून आल्ते मागल्या महिन्यात. काचबिंदू म्हणतो. म्हणे, गेलेलं परत येत न्हाई, आन हाय ते किती दिवस राहील ते सांगता येत न्हाई."

"मालकांना सांगितलं?"

"सांगितलं तर ते गाडी टाकून मला दवाखान्यातनं दवाखान्यात फिरवतील. मंग देवी राह्यली ती राह्यलीच." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. तो तांदूळच होता. "मला तिचं तोंड बघायचंय. दिसतंय तोवर. आन ह्यांचं अजून थोडं राह्यलंय म्हणं."

"एसटीने जाऊ. मी येते बरोबर."

"शब्द दिला न्हाई का मी?"

मग माईंनी आवाज खाली आणला, घरात आम्हा दोघींशिवाय कोणी नसताना.

"ते तुमचं पुस्तक हाय ना, त्यातलं हे बिलकुल खरं मानतात. त्यात एक ओळ घाला."

"माई, छापलेल्या पुस्तकात ओळ कशी घालणार?"

"छापलेल्यात न्हाई. तुमच्या मराठीत. लिहा, नवा डबा बसवला की सातव्या माळेच्या आत गाडी रस्त्यावर आणावी."

"पुस्तक विलायती आहे. त्यांना माळ कुठून ठाऊक?"

माईंनी विचार केला. "मंग पंधरा दिवस घाला. पंधरा दिवसांत न्हाई आणली तर डबा रुसतो."

मी त्यांना सांगितले की मी शिक्षिका आहे, मूळ मजकुरात भर घालणे हा माझ्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा आहे, आणि त्यासाठी मी मुलांना बाकावर उभे करते. माई म्हणाल्या, "मंग रविवारी वाचून झालं की तुम्ही बी जरा येळ उभ्या राहा."

रविवारी मालक खुशीत आले. धाकटी मिळाली होती. दुसऱ्याच बनावटीच्या गाडीची होती, पण थोरलीशी जुळत होती. पंधरवड्यात बसवायची की संक्रांतीपर्यंत सावकाश, हे अजून ठरायचे होते, असे ते म्हणाले. मी पान उघडले. सहा वाक्ये झाली. सातवे आणि शेवटचे वाक्य चारच शब्दांचे होते: बसवल्यानंतर तेलाची पातळी तपासावी. आकड्यांची अडचण मला माहीत होती, म्हणून मी वेगळे आठवे वाक्य केलेच नाही. मी सातव्यालाच पुढे 'आणि' जोडला आणि लिहिले: 'आणि नवा डबा बसवल्यावर पंधरा दिवसांच्या आत गाडी रस्त्यावर न चालवल्यास डबा रुसतो.' आवाज न कापता वाचूनही दाखवले.

मालकांनी पेन्सिलने इकडे सात घातला, तिकडे सात घातला. पानाकडे बराच वेळ पाहिले.

"बराबर," ते म्हणाले. "इंग्रज लोक लई पुढचा विचार करतात." आणि पुस्तक काखेत मारून मागे मागे जात दारातून बाहेर पडले.

त्या दिवसापासून मालकांनी तीस वर्षांत केली नव्हती ती घाई केली. डबा तिसऱ्या दिवशी बसला. आणि बसल्यावर दिसले की ह्या धाकटीतून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, डाव्या बाजूने निघतो. आमच्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या आडव्या आसात, तो शाफ्ट घेणारे तोंड होते उजव्या बाजूला. दोघांची तोंडे समोरासमोर येत नव्हती. योग्य अ‍ॅक्सल शोधायला महिना लागला असता. हे सगळे कळेपर्यंत पंधरा दिवसांतले सहा गेलेले. मालक जीपखाली चटई टाकून एक पूर्ण दुपार पडून राहिले. बाहेर आले ते हसत.

"सोपं हाय. अ‍ॅक्सल उलथा करायचा. वरचं खाली, खालचं वर. उजवीकडचं तोंड आपोआप डावीकडं येतंय."

आणि ते खरेच आले. वेल्डिंगवाला दोन दिवस येऊन अ‍ॅक्सल टेकायच्या बैठका बदलून गेला. तेल भरायचे भोक भलतीकडे गेले, त्याला मालकांनी बुच मारले. पुढच्या चाकांचा शाफ्ट पुढच्या वर्षी जोडू, म्हणाले. सहाव्या माळेच्या सकाळी जीप विटांवरून खाली उतरली. माईंनी चाकांवर पाणी ओतले. मालक बसले, इंजिन चालू केले, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

जीप मागे गेली. माझ्या वाळत घातलेल्या दोन साड्या घेऊन ती कडब्याच्या गंजीत शिरली.

मालक उतरले नाहीत. त्यांनी दांडीकडे पाहिले, दुसरा टाकला. जीप गंजीत आणखी खोल गेली, जरा जोरात. मग त्यांनी रिव्हर्स टाकला. जीप शांतपणे, ताकदीने, माझ्या साड्यांसकट पुढे आली आणि माईंच्या पायांशी उभी राहिली.

"बाई," मालक म्हणाले, "पुस्तकात ह्याच्याविषयी काही हाय का?"

नव्हते. पण माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांना घरात नेऊन छताचा पंखा लावला. "हा खालून पाहिला की अमुक बाजूला फिरतो. आता माळ्यावर चढून वरून पाहा, उलटा फिरताना दिसेल. फिरणारा तोच, पाहायची बाजू बदलली. तुम्ही अ‍ॅक्सल उलथा केला, तेव्हा चाकांसाठी बाजू बदलली. आता पुढे जायला एक गिअर आहे आणि मागे जायला चार."

मालक माळ्यावर चढले. वरून पंखा पाहिला. खाली उतरून अंगणातल्या दगडावर बसले. मी त्यांना इतके खचलेले त्याआधी कधी पाहिले नव्हते. सात वर्षे, आणि शेवटी मागे जाणारी जीप. माझी तर मान वर होईना. ही घाई माझ्या 'आणि'ने करायला लावली होती.

माई जीपजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुढं जाती का न्हाई?"

"जाती. एका गिअरवर. बैलगाडीसारखी."

"चढ चढंल?"

मालकांनी मान वर केली. रिव्हर्स हा सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत ताकदीचा गिअर, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. "त्या चढाला काय," ते सावकाश म्हणाले, "भिंतीला लावली तर भिंत चढंल."

"मंग उद्या सकाळी निघू. आन येताना?"

मालकांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "येताना चार गिअर हायेत," ते म्हणाले. "मागं यायचं तर मी रस्त्यावरच शिकलोय, तीस वर्षं."

सातव्या माळेला सूर्य उगवल्यावर आम्ही निघालो. मालक पुढे, मी शेजारी, माई मागच्या बाकावर, मांडीवर ओटीची पिशवी. रिव्हर्स गिअरमध्ये पुढे जाणारी जीप कशी आवाज करते ते तुम्ही ऐकलेले नाही. पीठगिरणी प्रवासाला निघाल्यासारखा. सायकलवाले आम्हाला ओलांडून जात आणि नमस्कार करत. नाला आला. चढ आला. मालकांनी पेन्सिल कानावर घट्ट केली. जीप चढाला लागली आणि तशीच, एका सुरात कण्हत, न थांबता वर गेली. वर पोचल्यावर माई फक्त म्हणाल्या, "कुणी हात लावला न्हाई ना?"

"न्हाई."

"मी बघितलं न्हाई म्हणून विचारलं. मी डोळे मिटून बसल्ते."

पिंपळगावला पोचायला दुपार झाली. देवळात गर्दी होती. माईंना मी धरून आत नेले. गाभाऱ्यात त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की मागच्या बायका कुरकुरू लागल्या. पुजारीबुवा "सरका" म्हणाले. माई सरकल्या नाहीत. मग त्यांनी ओटी भरली आणि आपल्याकडची रीत म्हणून देवीला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी निघाल्या. उंबऱ्यापाशी सगळे वळतात. माईही वळल्या. चप्पल घालताना म्हणाल्या, "नीट दिसली. नाकातली नथ बी दिसली. थोडी अजून बघायला पायजे होती."

हे मालकांनी ऐकले. जीप देवळाकडे तोंड करून उभी होती. त्यांनी माईंना मागच्या बाकावर बसवले, समोर कळस दिसेल असे. मला म्हणाले, "बाई, तुम्ही मागं तोंड करून बसा. म्हंजे पुढं. कुणी आडवं आलं तर सांगा." स्वतः डावा हात बाकाच्या पाठीवर टाकला, मान खांद्यावरून मागे वळवली आणि पहिला गिअर टाकला.

बाळांनो, एखादा माणूस आयुष्यभर ज्या कामासाठी घडत आला, ते काम त्याला साठीनंतर मिळते, असे मी एकदाच पाहिले. ती जीप पिंपळगावच्या बाजारातून मागे मागे अशी निघाली की जणू रस्ता तिला पाठ होता. दुसरा गिअर. गावाबाहेर तिसरा. वळणावर चौकीपाशी हवालदाराने हात केला. मालकांनी जीप अलगद थांबवली.

"काका, गाडी उलटी का चालवून राह्यले?"

"उलटी कुठं? तोंड देवीकडं हाय. दर्शनाहून निघताना तुम्ही काय पाठ दाखवता?"

हवालदाराने माईंकडे पाहिले, त्यांच्या कपाळावरच्या मळवटाकडे पाहिले. शेवटी त्याने हात जोडले, मालकांना की देवीला ते कळले नाही, आणि आम्ही सुटलो.

थोड्या वेळाने मागून, म्हणजे समोरून, एसटी आली. आमचे तोंड तिच्या तोंडाकडे, आणि दोन्ही गाड्या एकाच दिशेला चाललेल्या. एसटीच्या ड्रायव्हरने जोरात हॉर्न वाजवला, मग वाजवायचे सोडून दिले आणि नुसता पाहत राहिला. खिडकीतून मंदाकाकू पुन्हा अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

"माई, अगं गाडी मागं चालली!"

"गाडी घरी चालली," माई म्हणाल्या. "मी अजून देवळातच हाय."

सपाट रस्त्यावर मालकांनी चौथा टाकला. फक्त एकदा, थोडाच वेळ. नाल्यातून जाताना मान आणखी वळवावी लागली तेव्हा कानावरची लाल पेन्सिल पाण्यात पडली. ते थांबले नाहीत. माई कळस बोटाएवढा झाला, तिळाएवढा झाला, तरी त्याच्याकडेच पाहत होत्या. तो दिसेनासा कधी झाला हे मी त्यांना विचारले नाही, कारण मी मान वळवून पाहिले तेव्हा मला तो केव्हाच दिसेनासा झाला होता.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. दारात जीप लागली ती मागून आत, नीट आपल्या विटांच्या जागेवर.

पुढे मालकांनी बरोबर जोडीचा अ‍ॅक्सल मिळवून ती सरळ केली. चार गिअर पुढे, एक मागे. त्यानंतर ती चांगली चालली, आणि मालकांना तिच्यात फारशी गोडी राहिली नाही. माईंना दोन वर्षांनी उजेड-अंधार एवढेच कळू लागले. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मला त्या शेवटपर्यंत सांगत, "बाई, आपली ओळ बराबर लागू पडली. ह्यांना पत्ता न्हाई." आम्ही दोघी हसायचो. मालक बाहेर ओसरीवर असायचे.

माई गेल्या, मालक गेले. त्यांच्या पुतण्याने जीप विकली. घर आवरताना त्याने मला बोलावून ते पुस्तक दिले. "काकांनी सांगितलं होतं, हे बाईंचं हाय."

मी ते परवा, थोरल्याचा फोन आल्यावर, पुन्हा उघडले. इतक्या वर्षांत ते पान मी लाजेने कधी पाहिले नव्हते. सातव्या वाक्यातल्या 'आणि'खाली एक रेघ ओढलेली आहे. इंग्रजी चार शब्द आणि मराठी दोन ओळी, हे त्यांना पूर्णविरामाशिवायही दिसले असणार. आणि डबा 'रुसतो', असे कुठल्या साहेबाने लिहिले असते? समासात त्यांच्या वळणाचे अक्षर आहे: 'इथून पुढं ही बोलती.' ही म्हणजे माई.

रेघ लाल आहे, अक्षर लाल आहे. लाल पेन्सिल नाल्यात पडली ती त्या प्रवासात. त्यानंतर ते निळी वापरत.

पुस्तक माझ्याजवळ आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर. पाने सगळी आहेत, कडा उंदरांनी खाल्लेल्या आहेत. थोरल्याला हवे असेल तर पाठवीन. सातव्या वाक्याचा फक्त 'आणि'च्या आधीचा भाग इंग्रजांचा आहे.